पलाशीची रणभूमी पाहण्यासाठी हुगळीतील जलसफर कशी आखावी

कोलकात्याहून मुर्शिदाबादकडे जाणाऱ्या मुक्कामी बोटींच्या सहलींमध्ये बहुतेक प्रवासी मंदिरे आणि घाट पाहतात. रणभूमी पाहण्यासाठी जाणार असाल, तर पहिला निर्णय दिशेचा घ्यावा आणि सफर प्रवाहाच्या उलट, म्हणजे कोलकात्याहून वर जाणारीच निवडावी. पलाशीच्या, म्हणजे प्लासीच्या लढाईसाठी १३ जून १७५७ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट क्लाइव्हची फौज बंगालचा नवाब सिराजउद्दौला याच्यावर चंदननगरहून याच दिशेने निघाली होती. गोरे सैनिक आणि तोफा होड्यांतून, तर हिंदी शिपाई काठाने पायी. त्याच क्रमाने गेल्यास त्या मोहिमेत नदीचे महत्त्व किती होते, हे नकाशाशिवाय कळते.

पावसाळा टाळून थंडीचे महिने धरावेत. पैसे भरण्यापूर्वी सविस्तर कार्यक्रम मागवून पलाशी आणि काटवा येथे उतरायला मिळते का, तिथे किती वेळ मिळतो आणि घाटापासून वाहनाची सोय काय आहे, हे लेखी विचारावे. मुर्शिदाबादचा हजारदुआरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो, तेव्हा वारही पाहून घ्यावा.

बोटीत बसण्याआधी एक सकाळ कोलकात्यात बागबाजारला द्यावी. मराठ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये इंग्रजांनी खणायला घेतलेला खंदक केव्हाच बुजवला गेला, पण ‘मराठा डिच लेन’ या गल्लीच्या नावात तो अजून टिकून आहे. बंगालीतला ‘बर्गी’ (मराठा लुटारू स्वार) हा शब्दही आपल्या ‘बारगीर’वरूनच आलेला, आणि तिथल्या अंगाईत त्याची भीती दाखवतात. गावोगावी झालेल्या लुटीची ही आठवण आहे, हे मराठी प्रवाशाने मनाशी ठेवूनच पुढे जावे.

अजय आणि भागीरथी (हुगळीचा वरचा प्रवाह) यांच्या संगमावरील काटव्याला मी सर्वांत अधिक वेळ देईन. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांचा तळ येथे होता. जवळच्या दाँईहाट येथे त्यांनी दुर्गापूजा मांडली असता नवाब अलिवर्दीखानाने नदी ओलांडून अचानक हल्ला केला आणि त्यांना पळवून लावले. पुढे १७४४ मध्ये मानकरा येथे तहाच्या बोलणीसाठी तंबूत बोलावून त्यांना सरदारांसह ठार करण्यात आले.

पलाशीला मात्र अपेक्षा जपून ठेवाव्यात. भागीरथीने पात्र बदलून इंग्रजांनी तळ दिलेल्या आमराईचा आणि रणांगणाचा मोठा भाग गिळला आहे. आज दिसतो तो स्मारकस्तंभ आणि सभोवतीची शेते. म्हणून लढाईच्या दिवसाचा, २३ जूनचा घटनाक्रम आदल्या रात्री वाचून ठेवावा. दुपारी मोठी सर आली, इंग्रजांनी दारूगोळ्यावर ताडपत्री ओढली, नवाब सिराजउद्दौल्याची दारू मात्र भिजली. नवाबाचा निष्ठावान सेनानी मीर मदन पडला आणि त्याचाच दुसरा सेनापती मीर जाफर आपली फौज घेऊन बाजूला उभा राहिला. सुमारे तीन हजारांच्या सैन्याने पन्नास हजारांच्या आसपास असलेल्या सैन्यावर विजय मिळवला, तो असा. स्तंभापाशी उभे राहून नदी आता कुठे आहे ते पाहावे, म्हणजे जुन्या नकाशाशी मेळ घालता येतो.

मुर्शिदाबादला पोहोचल्यावर राजवाड्याच्या आधी पश्चिम काठावरील खुशबाग पाहावी. पराभवानंतर काही दिवसांतच मारला गेलेला सिराजउद्दौला तेथे आजोबांजवळ पुरलेला आहे; आणि ते आजोबा म्हणजे दाँईहाटला मराठ्यांवर चालून आलेले, १७५१ मध्ये मात्र बारा लाखांची चौथाई मान्य करावी लागलेले तेच अलिवर्दीखान.