कीवर्ड सायफर: अक्षरं मोजू नका, सरक मोजा

शब्दकोड्यातलं कीवर्ड सायफर, म्हणजे एका किल्लीशब्दाच्या आधारे अक्षरं बदलून लिहिलेला मजकूर, हाती आलं की बहुतेकजण कुठलं अक्षर किती वेळा आलंय ते मोजत बसतात. सहा-सात शब्दांच्या ओळीत त्यातून काही निघत नाही. र आणि त मराठीत भरपूर येतात हे खरं, पण ते उठून दिसायला मोठा मजकूर लागतो. छोट्या कोड्यात कामाला येते ती सरक, म्हणजे अक्षर आपल्या मूळ घरापासून किती घरं पुढे गेलंय ते.

चौकटीच्या वहीत क ते ळ ही 34 व्यंजनं एका ओळीत लिहा आणि डोक्यावर आकडे घाला. किल्लीशब्द 'सोलापूर' असेल तर स, ल, प, र ही खालच्या ओळीत पहिल्या चार घरांत बसतात आणि उरलेली तीस नेहमीच्या क्रमाने त्यांच्या मागे. म्हणजे क ऐवजी स, ख ऐवजी ल, ङ ऐवजी क. स्वर, काना-मात्रा, अनुस्वार तसेच राहतात. किल्लीशब्दात एखादं व्यंजन पुन्हा आलं तर दुसऱ्यांदा लिहायचं नाही.

आता किल्लीशब्द माहीत नाही असं धरून हे बघा:

रभाठ वेंपाखी खछटी आटि सझस नासभी आहे

'आहे' जसाच्या तसा राहिलाय. किल्लीशब्दातलं वर्णक्रमाने सर्वांत शेवटचं व्यंजन ओलांडलं की पुढची सगळी आपापल्या घरीच असतात. ह हलला नाही, म्हणजे किल्लीशब्दात ह नाही आणि ळ पण नाही.

'आटि' हा 'आणि' असणार. ट मूळचा 11व्या घरातला, इथे ण खाली म्हणजे 15व्या घरात बसलाय. चार घरं सरकला. नियम असा: किल्लीशब्दात नसलेलं व्यंजन जितकी घरं सरकतं, तितकीच किल्लीशब्दातली व्यंजनं वर्णक्रमात त्याच्या पुढे असतात. हीच सरक शेजाऱ्यांना लावा. ख चा च, छ चा ट: 'चटणी' उभी राहिली. झ चा ड होतो, मग दोन्ही टोकांना सारखं अक्षर असलेला 'सझस' म्हणजे 'कडक'. क खाली स, म्हणजे किल्लीशब्द स ने सुरू होतो.

सोलापुरात चटणीशेजारी कडक म्हणजे भाकरीच, तेव्हा 'नासभी' सुटला. न चार घरं सरकलाय (20 वरून 24), भ तीनच (24 वरून 27). म्हणून प, फ, ब यांतलं एकच किल्लीशब्दात आहे. ठ चा त धरला की 'रभाठ' म्हणजे 'घरात', आणि चौथ्या घरात र. 'वेंपाखी' म्हणजे 'शेंगाची', तिसऱ्या घरात प. व मात्र एकच घर सरकला. भ ते व या टप्प्यात सरक तीनवरून एकवर आली, म्हणजे मधली दोन व्यंजनं किल्लीशब्दातली आहेत: एक र, दुसरं म, य किंवा ल. स, रिकामं घर, प, र. तिथे ल बसवून वाचा.

गाडी अडते ती बहुधा ङ आणि ञ पाशी. कोडं करणाऱ्याने ती दोन्ही गाळली असतील तर ट पासून पुढची अक्षरं बरोबर येतात, पण खालच्या ओळीतली क-च वर्गातली एकेक घर चुकतात. असं दिसलं की उत्तर खोडू नका, 32 व्यंजनांची ओळ नव्याने मांडा. क्ष आणि ज्ञ फोडून क्+ष, ज्+ञ असे घ्या. 'ख्बा'सारखं न उच्चारता येणारं जोडाक्षर दिसलं तर आधी च्या, त्या, ल्या लावून पाहा. वरच्या किल्लीने 'च्या'चं नेमकं तेच होतं.

स्वतः कोडं रचत असाल तर 'गड्डा' किल्लीशब्द घेऊ नका. त्यात ग आणि ड दोनच, ड च्या पुढचं सगळं उघडं पडतं. 'सिद्धेश्वर' बरा, सहा वेगळी व्यंजनं मिळतात. पण सर्वांत चिवट 'माळढोक': ळ आत असल्याने एकही व्यंजन जागेवर राहत नाही आणि 'आहे'चं 'आसे' होतं. सोडवणाऱ्याने 'आसे' पाहिलं, की स एक घर सरकलाय, म्हणजे ह किंवा ळ किल्लीशब्दात आहे, हे पहिल्यांदा लिहून ठेवावं.