बलून पंपावरचा रुग्ण विमानाने नेताना

इंट्रा-एऑर्टिक बलून पंप म्हणजे महाधमनीत बसवलेला बलून ठोक्यागणिक फुगवून-रिकामा करून हृदयाला मदत करणारे यंत्र. त्यात हेलियम असतो. केबिनमधला दाब 8,000 फूट उंचीइतका उतरला की तोच वायू साधारण एक तृतीयांशाने फुगतो. म्हणजे चढताना बलून गरजेपेक्षा जास्त भरायला बघतो. उतरताना धोका उलटा आणि फसवा: बलून अर्धवट भरतो, ऑगमेंटेशन (बलून फुगल्याने मिळणारी रक्तदाबाची वाढ) पडते आणि रुग्णच खालावतोय असे वाटते. औषध वाढवण्याआधी वेव्हफॉर्म (पंपाच्या पडद्यावरचा दाबाचा आलेख) पाहा.

नवी यंत्रे हेलियम आपोआप बदलतात. आपल्या मॉडेलमध्ये ही सोय नसेल, तर चढताना-उतरताना ठरावीक टप्प्यांवर स्वतः रिफिल करा. निघण्याआधी सिलिंडरचा दाब आणि बॅटरी तपासा. विमानातल्या प्लगवर भिस्त नको.

प्रेशर बॅग (धमनीतल्या नळीच्या सलाईनवर दाब देणारी हवेची पिशवी) चढताना फुगते, उतरताना सैल पडते. तिचा दाब 300 मिमी पाऱ्यावर (mmHg) ठेवा.

पंप बंद पडल्यास बलून 30 मिनिटांपेक्षा जास्त निश्चल ठेवू नये, गुठळी होते. सिरिंजने आधी मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहा. येत नसेल तरच कंपनीने सांगितलेल्या मापाने भरून लगेच रिकामा करा, दर 5 मिनिटांनी. नळीत रक्त दिसले तर बलून फाटलाय. पंप थांबवा, पुन्हा सुरू करू नका.