गाडी विकताय ना, मग पैसे घ्यायची तयारी आधी करून ठेवा

कापूस विकला गेला, केळीचे पैसे हातात आले की आपल्याकडे जळगाव, चोपडा, शिरपूरकडे जुन्या गाडीची गिऱ्हाइकं एकदम वाढतात. आणि पाच हजारांसाठी तासभर घासाघीस करणारा आपला माणूस पैसे नक्की कसे घ्यायचे याचा विचार मात्र गिऱ्हाईक दारात उभं राहिल्यावर करतो. तेव्हा सुचत नाही भो. म्हणून जाहिरात टाकायच्या आधीच हे करून ठेवा.

सगळ्यात आधी आपल्या गाडीवर कर्ज आहे का ते बघा. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव अजून असेल तर हप्ते फिटले असले तरी एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढायचा अर्ज) घेऊन ते नाव काढून घ्या. कर्ज बाकी असेल तर बँकेकडून आजचा फोरक्लोजरचा आकडा, म्हणजे कर्ज पूर्ण बंद करायला लागणारी रक्कम, लेखी घ्या आणि गिऱ्हाइकाला सांगा की तेवढी रक्कम थेट लोन खात्यात भरायची, उरलेली मला. हे त्याला पहिल्याच फोनवर सांगायचं, कारण गाडी आवडल्यावर हे निघालं की तो भाव पाडतो.

त्याच फोनवर दुसरा प्रश्न, पैसे कुठून येणार? रोख, स्वतःच्या खात्यातून, का लोन करून? लोन असेल तर मंजुरीचं पत्र दाखवून गाडी मागणारे भेटतात. मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत, रक्कम खात्यात पडली की मगच बोला. रोख म्हणाला तर एक गोष्ट लक्षात ठेवा, आयकर कायद्याने एका व्यवहारात २ लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही, आज दीड आणि उद्या दीड असे तुकडे केले तरी व्यवहार एकच धरतात, आणि दंड देणाऱ्याला नाही तर घेणाऱ्याला बसतो, तोही घेतली तेवढ्याच रकमेचा! शेतकरी गिऱ्हाईक पिशवीत पैसे घेऊन येतो, त्यात त्याचं चुकत नाही, पण मोठी रक्कम त्याच्या बँकेतून आरटीजीएस करायला सांगा. २ लाखांखालची रोख घ्यायची असेल तर आपल्या बँकेच्या काउंटरवर घ्या, नोटा मशीनवर मोजल्या जातात, खोटी नोट निघाली तर तिथेच कळतं, आणि पैसे घेऊन घरी यायची चिंता नाही.

खरं लक्ष द्यायची जागा इथून पुढे आहे. पैसे ज्याच्या नावावर गाडी करायची त्याच्याच खात्यातून आले पाहिजेत. ‘मेहुण्याच्या खात्यातून टाकतो’, ‘दोस्ताकडून येणं बाकी आहे, तो डायरेक्ट तुम्हाला देईल’ असं बोलला की थांबा. फसवणुकीचा पैसा असा चार खात्यांतून फिरून येतो, मूळ फसलेल्या माणसाने सायबर पोलिसांत तक्रार केली की साखळीतल्या प्रत्येक खात्यावर होल्ड लागतो, आणि मग गाडीही गेली आणि पैसेही अडकले, वर दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांना कागद पाठवत बसा. आधार, पॅन आणि खात्यावरचं नाव एकच आहे ना ते बघूनच आपला खाते नंबर द्या. नंबर तोंडी सांगू नका, कॅन्सल चेकचा फोटो पाठवा, एक आकडा चुकला तरी पैसे भलतीकडे जातात.

मग त्याला आदल्या दिवशीच तुमचं खातं बेनिफिशरी म्हणून ॲड करायला लावा. बऱ्याच बँकांत नवीन खात्यावर सुरुवातीला थोडीच रक्कम जाते, हे आयत्या वेळी कळलं की ‘गाडी घेऊन जातो, उद्या टाकतो’ सुरू होतं. १ रुपया पाठवून बघायला सांगा. त्याने पाठवणाऱ्याचं नाव पण कळतं. यूपीआयला साधारण दिवसाला १ लाखाची मर्यादा असते, म्हणून ते टोकनपुरतं, म्हणजे आगाऊ रकमेपुरतं ठेवा. आयएमपीएस ५ लाखांपर्यंत, आणि आरटीजीएस २ लाखांच्या पुढे कितीही, ते १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे, पण शाखेत फॉर्म भरून करायचं असेल तर बँकेच्या वेळेतच. म्हणून व्यवहार कामाच्या दिवशी सकाळी ठेवा, दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार टाळा, आणि जमलं तर बँकेतच भेटा. रविवारीच घाई करणारं गिऱ्हाईक मला तरी आवडत नाही.

पैसे आले की नाही हे फक्त आपल्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकावर बघायचं. त्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट, हिरवी टिक, ‘क्रेडिटेड’ असा मेसेज, यातलं काहीच धरायचं नाही, सगळं खोटं बनवता येतं. घरचे विचारतील ‘पैसा उनात का?’, तर बॅलन्स बघून मगच हो म्हणा. यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा नंबर, घेऊन ठेवा. चेक असेल तर वटल्याशिवाय चावी नाही, डीडी असेल तर तो काढलेल्या शाखेत स्वतः चौकशी करा, डीडीवर छापलेल्या फोन नंबरवर नाही. आणि पैसे घ्यायला कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. मी आर्मीत आहे, गाडी न बघता घेतो, कोड पाठवतो म्हणणाऱ्याला सरळ ब्लॉक करा. चुकून जास्त गेले, परत पाठवा म्हणणाऱ्याला सांगा बँकेला तक्रार दे, बँक बघेल.

टोकन घेताना दोन ओळी लिहूनच घ्या, किती घेतलं, बाकी कधी, नाही दिलं तर टोकनचं काय. गिऱ्हाईक बऱ्हाणपूर, सेंधव्याचं किंवा सुरतेचं असेल तर परराज्यासाठी आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८, त्यात वेळ जातो, तोवर टोकनवर गाडी तुमच्याच अंगणात राहू द्या.

फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, त्यांवर सही सगळ्यात शेवटी. गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता भरूनच, कोऱ्या फॉर्मवर एजंट कितीही ओळखीचा असला तरी नाही. आरटीओच्या पोर्टलवर ट्रान्सफरच्या अर्जात मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो पण पैसे दिसल्यावरच सांगायचा. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अपघाताच्या भरपाईत रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक, मधल्या मधे गाडी किती हातांतून गेली याने फरक पडत नाही. ताबा पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही टाका, म्हणजे त्या वेळेनंतरचं चलन त्याचं. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते पण गिऱ्हाइकावर सोडू नका.

गाडी गेली की त्याच दिवशी फास्टॅग बंद करा, नाहीतर त्याच्या टोलचे पैसे तुमच्या खात्यातून. विम्याचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, त्याचं पत्र कंपनीकडून मागून घ्या, पुढच्या गाडीला लागतो. आणि एवढं करून पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. आरसीवर नाव बदललं का ते एमपरिवहन या सरकारी ॲपवर अधूनमधून बघत राहा, बदललं नसेल तर गिऱ्हाइकाच्या मागे लागा.