रोजच्या कामाची, तरी चालवायला मजा देणारी गाडी कशी निवडावी

वर्धा, यवतमाळ, वाशीमकडच्या गावात गाडी घ्यायचा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: उंच गाडी घे, आपले रस्ते पाहतोस ना! सल्ला अर्धा खरा आहे. पांदणीत, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेत, गाडीचं पोट घासू नये, हे कबूल. पण चार-पाच लाखांत उंच गाडी शोधायला गेलं की बहुतेक वेळा भरपूर पळालेली जड डिझेल गाडी समोर येते. तिचे टायर, क्लच, शॉकर सगळंच महाग पडतं. त्याच पैशात त्याहून कमी वयाची हलकी हॅचबॅक मिळते. ती तालुक्याच्या बाजारालाही चालते आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना वळणावळणाला हसूही आणते.

मजा वजनात असते. स्विफ्टच्या २०१८ ते २०२० च्या पेट्रोल मॉडेलचं इंजिन ८३ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप) आणि गाडी साधारण ८७० किलोची. १,३०० किलोच्या गाडीला तसंच पळायचं असेल तर सव्वाशे पीएसच्या आसपास ताकद लागेल. शिवाय ब्रेक लावताना आणि वळताना जास्तीचं वजन आडवं येतं, ते वेगळंच.

आधी महिन्याचा हिशेब

गाडी बघायला जाण्याआधी एक महिना वहीत लिहा: किती किलोमीटर, कोणत्या रस्त्याने, किती माणसं, काय सामान. गावातल्या गाडीत युरियाची दोन पोती म्हणजे ९० किलो सहज चढतं. घरात म्हातारी माणसं असतील तर सीटची उंचीही त्याच वहीत आली पाहिजे.

या वहीवरूनच इंधन ठरतं. महिन्याला १,००० किलोमीटर होतात असं समजा. पेट्रोल गाडी लिटरला १८ आणि डिझेल २२ देते, पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरलं, तर फरक महिन्याला साडेसोळाशेच्या आसपास येतो, वर्षाला वीस हजार. जुन्या डिझेलचा एक इंजेक्टर किंवा टर्बो गेला की वर्षाची बचत एका झटक्यात जाते. म्हणून महिन्याला पंधराशे किलोमीटरच्या आत असाल तर पेट्रोलच घ्या. एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण नियमांतल्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. रोज चार-पाच किलोमीटरच्याच फेऱ्या झाल्या तर तो नीट तापत नाही आणि काजळीने चोंदतो. सीएनजी स्वस्त पडतो, पण टाकी डिक्की खाते, ओढ कमी होते आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप नसेल तर तो विचार सोडून द्या.

पैसे कसे वाटायचे

पाच लाख हातात असतील तर गाडी सव्वाचार लाखांची बघा. उरलेल्या पंचाहत्तर हजारांत चार टायर, बॅटरी, विमा, नावावर करण्याचा खर्च आणि सस्पेंशनचं काम निघतं. जुन्या गाडीत मजा परत आणणारा सगळ्यात स्वस्त खर्च म्हणजे नवे टायर, बुश (सस्पेंशनमधले रबरी भाग) आणि शॉकर. पाच वर्षं खड्ड्यांतून गेलेली गाडी ढिली वाटते ती बहुतेक यामुळेच. इंजिन उगाच बदनाम होतं.

कर्ज काढायचं असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. हप्ता दर महिन्याला येतो, कापूस-सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा. जून ते ऑक्टोबर हप्ता कुठून भरणार याचं उत्तर नसेल तर लहान गाडी रोखीने घेतलेली बरी.

नवी गाडीही एकदा विचारून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे. त्यात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंतच्या आणि डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंतच्या गाड्या येतात. त्याआधी २८ टक्के आणि वर सेस होता. त्यामुळे एक-दोन वर्षं वापरलेली गाडी जुन्या भावाच्या हिशेबाने विकत असतील, तर शोरूमचा आजचा भाव समोर ठेवूनच बोला.

उंची किती आणि टायर कोणता

कागदावरची जमिनीपासूनची उंची रिकाम्या गाडीची असते. पाच माणसं आणि सामान भरलं की मागचा भाग चांगलाच खाली बसतो. आपल्याकडे १६५ ते १८० मिलिमीटर पुरते, अट एकच: गाडी लांबुडकी नको. पुढचं आणि मागचं चाक जवळ असलं की मधलं पोट उंचवट्यावर टेकत नाही. मारुतीची इग्निस १८० मिलिमीटर आहे, टाटाची टियागो १७०, स्विफ्ट १६३. पांदणीच्या मधल्या गवताळ उंचवट्यावर हा फरक जाणवतो.

टायरकडे मात्र कुणी बघत नाही. १६५/८० आर१४ म्हणजे टायरची भिंत १६५ च्या ८० टक्के, १३२ मिलिमीटर. १९५/५५ आर१६ ची भिंत १०७ मिलिमीटरच. पातळ भिंतीचा टायर वळणात घट्ट वाटतो, पण खड्ड्याच्या धारदार कडेवर रिम आणि रस्ता यांच्यात चिमटून फुगा येतो, आणि अलॉय रिम वाकते. कापसाच्या काळ्या जमिनीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, म्हणून नवा डांबरी रस्ताही दोन वर्षांत लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर १४ किंवा १५ इंची रिम आणि जाड भिंत हीच जोडी चालते. वरच्या मॉडेलच्या चकचकीत रिमसाठी जास्त पैसे मोजू नका.

कोणत्या गाड्या बघाव्या

स्विफ्ट, २०१८ ते २०२३, पेट्रोल: स्टिअरिंग चपळ, गिअर मऊ, सुटे भाग तालुक्याला मिळतात, टायमिंगला, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडायला, पट्ट्याऐवजी चेन. कमी पडते ती सुरक्षिततेत. या पिढीला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१८ च्या धडक-चाचणीत पाचपैकी दोनच तारे मिळाले. रात्री समृद्धी महामार्गावर नेहमी जाणं होत असेल तर टियागो बघा, तिला २०२० मध्ये चार मिळाले. टियागोचं तीन सिलिंडरचं इंजिन थोडं थरथरतं, पण खराब रस्त्यावर ती जमिनीला धरून चालते. इग्निस दिसायला डबा, चालवायला खेळणं: २०२० पर्यंतच्या स्विफ्टचंच इंजिन, वजन कमी, उंची जास्त. भाव बरा असेल तर पहिली तीच बघावी.

फोर्ड फिगोचं दीड लिटर डिझेल १०० पीएसचं, आणि या पैशात तशी ओढ दुसरीकडे मिळणं अवघड. पण कंपनीने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवलं. जवळच्या शहरात या गाड्यांचं काम करणारा मेकॅनिक ओळखीचा असेल तरच घ्या. रेनॉची जुनी डस्टर डिझेल खड्ड्यांवरून जशी जाते तशी फार थोड्या गाड्या जातात. तिचा टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर तो खर्च भावातून वजा करा, कारण बेल्ट तुटला की इंजिनच उघडावं लागतं.

बघायला जाल तेव्हा

सकाळी जा आणि आधीच सांगा की इंजिन थंड पाहिजे. विकणाऱ्याने गरम करून ठेवलं असेल तर सुरू होतानाचा धूर आणि चेनचा खडखडाट दोन्ही लपतात.

१. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. कूलंट स्वच्छ रंगाचं हवं, हिरवं, लाल किंवा निळं. तांबूस गढूळ पाणी दिसलं तर बोअरचं क्षारांचं पाणी टाकत आले आहेत. आत थर बसतो, आणि मे महिन्यात ४५ अंशांत एसी लावून घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो.

२. एसी लावून गाडी दहा मिनिटं जागेवर उभी ठेवा. चालत्या गाडीत हवा लागते म्हणून कमजोर एसीही थंड वाटतो, उभ्या गाडीत खरं कळतं. समोरची जाळी कुटार (पिकाचा भुसा) आणि धुळीने भरलेली असते, ती धुतली की बरेचदा काम होतं. तरीही गरम वारा आला तर गॅस गळती किंवा कॉम्प्रेसर. गाडी दिवाळीनंतर घेणाऱ्यांची इथेच फसगत होते, थंडीत सगळेच एसी चांगले असतात.

३. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. घरघरत राहिलं तर क्लच प्लेट संपली. ही परीक्षा एकदाच घ्या, पुन्हापुन्हा घेतली तर चांगली प्लेटही जळेल.

४. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला मातीची रेघ, सीटच्या खालच्या पट्ट्यांना गंज आणि गालिच्याला कुबट वास असेल तर गाडी पुरात उभी होती. अशी गाडी फुकट मिळाली तरी वायरिंग पुढची दोन वर्षं छळेल.

५. बॉनेटच्या आतल्या बोल्टवरचा रंग उडाला आहे का, चारही काचांवरचं वर्ष जुळतं का, डिक्कीतली स्टेपनी उचलून खालचा पत्रा सरळ आहे का, हे बघा. पुढचं फेंडर बदललेलं चालतं. दारांमधल्या खांबाला वेल्डिंग दिसलं तर उठून या.

६. टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही उरली असली तरी सहा वर्षांचा टायर घेऊन समृद्धीवर जायचं नाही. आणि उन्हाळ्यात फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची ही समजूत उलटी आहे. कमी हवेत भिंत जास्त वाकते, म्हणून जास्त तापते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी, सकाळी थंड टायरमध्ये भरा.

चालवून पाहताना

विकणारा गुळगुळीत सिमेंट रस्ता दाखवेल. तुम्ही शेताच्या धुऱ्याजवळच्या (बांधाजवळच्या) कच्च्या वाटेवर घ्या, खिडक्या खाली, रेडिओ बंद, वेग वीस. बारीक खड्ड्यांवर टकटक आली तर बहुधा लिंक रॉड, स्वस्त काम. मोठ्या खड्ड्यात धपकन आवाज येऊन गाडी दोन-तीनदा झुलली तर शॉकर. स्टिअरिंगमध्येच हाताला खडखड लागली तर चाकं वळवणारा स्टिअरिंग रॅक असू शकतो, आणि तो महाग.

मग मोठ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० वर न्या. कापसाने भरलेला ट्रॅक्टर ओलांडताना हीच ओढ लागते. शून्य ते शंभरचे आकडे जाहिरातीपुरते. पेट्रोल स्विफ्टची सगळी ओढ इंजिनाच्या मिनिटाला ४,२०० फेऱ्यांजवळ येते, म्हणून तिला दुसऱ्या गिअरवर आणून फिरवावं लागतं. स्विफ्टचं १.३ लिटर डिझेल २,००० वरच ओढतं. कुणाला पहिलं आवडतं, कुणाला दुसरं. एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी, गावात आरामाची, पण घाटात नेमक्या वळणावर गिअर बदलताना थांबते. मजा हवी असेल तर हाताचा गिअर.

शेवटी रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, साठवरून जोरात ब्रेक दाबा. एबीएसची (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या सोयीची) थरथर पायाला लागली पाहिजे आणि गाडी सरळ थांबली पाहिजे. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं आहे. त्याआधीच्या गाडीत आहे का, हे विचारून घ्या. संध्याकाळी रोही (नीलगाय) रस्त्यात आडवा येतो तेव्हा एअरबॅगआधी हेच कामाला येतं.

कागद

सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कर्जाची नोंद, विमा आणि थकलेले चलान बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. पूर्ण पैसे सह्या झाल्यावरच द्या. दिल्लीकडून आलेली दहा वर्षांची डिझेल गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे अशा गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असते. त्यात दुसऱ्या राज्यात नेण्यासाठीची फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर मिळवला की स्वस्ताई उरत नाही. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) विकणाऱ्याचा असतो, तुम्हाला मिळत नाही. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑईल, तिन्ही फिल्टर, कूलंट आणि अलाइनमेंट करून टाका. आणि ती कापसाच्या गंजीला किंवा कुटाराच्या ढिगाला लागून उभी करू नका. उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि पहिल्यांदा वायरच कुरतडतात. रोजची गाडी असली तरी आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून बघायची सवय लावा.