फुंकायला लावण्याआधी विचारा

कामगार तपासताना स्पायरोमेट्रीचं, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायचं यंत्र मी शेवटी हातात घेते. आधी प्रश्न: खोकला येतो का, छाती कधी आवळते, सुट्टीत बरं वाटतं का? स्प्रे पेंटमधल्या आयसोसायनेट या रसायनामुळे होणारा दमा कित्येकदा ड्यूटी संपल्यावर, रात्री उठतो. म्हणून "कामावर काही त्रास नाही" एवढ्यावर मी थांबत नाही.

मग फुंकणं. आधी तासभर बिडी-सिगारेट नको, पोट तुडुंब नको, पट्टा सैल. ताठ बसवा. छाती भरून श्वास, ओठ नळीभोवती घट्ट, आणि एका दमात जोर. पुढे 6 सेकंद तरी सोडत राहायचं. गाल फुगवून फुंकणारे पुष्कळ भेटतात, त्यांचा आकडा धरू नका. चांगल्या 3 फुंका हव्यात, त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत फरक 150 मिलिलिटरच्या आत.

रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलंय म्हणून फाइल मिटू नका. रुजू होतानाचा रिपोर्ट शेजारी ठेवा. तेव्हा अपेक्षित आकड्याच्या 115 टक्के असलेला माणूस आज 90 वर आला, तरी यंत्र त्याला नॉर्मलच म्हणेल. तुम्ही मात्र डॉक्टरांकडे पाठवा. कामामुळेच होतंय का अशी शंका असेल, तर पीक फ्लो मीटर (फुंकेचा वेग मोजणारं छोटं यंत्र) सोबत द्या: दिवसातून 4 वेळा नोंद, 2 ते 4 आठवडे, सुट्टीचे दिवस धरून.