रेतीतला शिंपला कसा वाचावा

घराचं काम सुरू असेल तर रेती चाळल्यावर चाळणीत जे उरतं ते लगेच फेकू नका. कन्हान नदीच्या रेतीत खड्यांसोबत शिंपलेही सापडतात. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि आमच्या पोट्ट्यांच्या हातात हेच देते. विकतचे समुद्री शिंपले नको, घासूनपुसून त्यांची साल गेलेली असते. तपकिरी-हिरवी साल शिल्लक असलेला रिकामा शिंपला निवडा. नदीकाठी घट्ट मिटलेला मिळाला तर तो जिवंत असू शकतो, पाण्यात परत सोडा.

जुन्या टूथब्रशने, साध्या पाण्याने धुवा. आता बिजागरीजवळचा उंचवटा शोधा. सगळ्यात जुना भाग तो, आणि सगळ्यात नवी कड त्याच्या समोरची. खेकडा कवच टाकून नवं करतो. शिंपला लहानपणचंच कवच कडेने वाढवत नेतो. मधल्या रेषा म्हणजे वाढ मंदावल्याच्या खुणा. पोट्टे लगेच मोजून वय सांगतात, पण पूर, आटलेलं पाणी, दुखापत, कशानेही रेष उमटते. तेव्हा झाडाच्या खोडासारखा हिशेब इथे लावू नये.

हे सगळं बांधतो तो प्रावार, म्हणजे कवचाला आतून चिकटलेला मांसल पडदा. त्याची कड आधी प्रथिनाची पातळ साल सोडते. मग पाण्यातून आणि अन्नातून घेतलेलं कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांच्या रूपात सालीखाली बसतं: आधी उभे खांब, त्याच्या आत चपट्या चकत्यांचे थर. एकेक चकती मिलीमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढी जाड, म्हणून तिथे प्रकाश रंग खेळतो. तुटकी कड भिंगाखाली धरा, थर वेगळे दिसतील. आतल्या बाजूचे गुळगुळीत ठसे स्नायूंचे.

आता गंमत. सालीवर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका, दुसरा खरवडलेल्या जागी. सालीवर काही होत नाही, खरवडल्या जागी बुडबुडे येतात. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा उंचवटा बऱ्याचदा झिजलेला का असतो ते इथे कळतं: साल गेली की पाणी आतला चुना, म्हणजे तेच कॅल्शियम कार्बोनेट, खातं. प्राणी जिवंत असेतो आतून थर चढवत राहतो.

गोगलगाईचंही असंच, फक्त वाढ तोंडाच्या काठाने. लहान गोगलगाय दिसली तर तो काठ नुसता पाहा, दाबू नका, पटकन तुटतो. तुटला तरी ती भरून काढते, पण सांधा दिसतोच.