पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मोटरसायकलचा कार्बोरेटर कसा साफ करावा

चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली स्प्लेंडर चोक ओढल्यावर सुरू होते, पण चोक सोडताच बंद पडते, तेव्हा दोष बहुधा स्लो जेटमध्ये, म्हणजे कमी वेगावर इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्राच्या नळीत असतो. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि तळाशी चिकट थर उरतो. त्यातच पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले, त्यामुळे पुढील कृती मुख्यतः त्याआधीच्या, स्लाइडचा (ॲक्सिलरेटरच्या केबलने वर-खाली होणाऱ्या झडपेचा) कार्बोरेटर असलेल्या गाड्यांसाठी आहे.

इंजिन थंड असताना, उघड्या जागी, पेट्रोल कॉक बंद करून वाटीखालच्या ड्रेन स्क्रूने पेट्रोल बाटलीत काढून घ्यावे. एअर फिल्टरकडचा क्लॅम्प सैल करून इंजिनाकडचे दोन नट काढावेत, वरचे झाकण फिरवून स्लाइड केबलसह अलगद बाहेर घ्यावी आणि स्लाइडला खाली लटकणाऱ्या सुईवरची क्लिप कितव्या खाचेत आहे ते लिहून ठेवावे.

मिश्रणाचा, म्हणजे हवा-पेट्रोलाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवून फेरे मोजावेत. हा आकडा हरवला, तर पुढचे सगळे ट्यूनिंग अंदाजाने करावे लागते. तो टेकल्यानंतर जोर लावू नये, कारण त्याचे टोक वाकते. त्यानंतर वाटी, फ्लोटची पिन, फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग) आणि नीडल व्हॉल्व्ह (वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी झडप) काढावेत. नीडलच्या टोकावर गोल खाच पडलेली दिसली, तर ती बदलावी. ओव्हरफ्लो होण्याचे, म्हणजे वाटीतून पेट्रोल बाहेर वाहण्याचे ते नेहमीचे कारण आहे. फ्लोट कानाशी धरून हलवावा, आत पेट्रोल खळखळले तर तो फुटलेला आहे.

जेट पितळी असल्याने ते काढताना खाचेत घट्ट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरावा. स्लो जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असते. उजेडाकडे धरल्यावर ते स्वच्छ, गोल दिसले पाहिजे. तार घालण्याचा मोह टाळावा. मी एकदा तारेने छिद्र मोकळे केले आणि गाडी सुरूही झाली, पण छिद्र मोठे झाल्याने मायलेज असे घसरले की शेवटी नवीन जेट आणावा लागला. आधी रबरी ओ-रिंग बाजूला काढाव्यात, कारण कार्ब क्लीनरने त्या फुगतात, मग डोळ्यांवर चष्मा लावून प्रत्येक मार्गात फवारा मारावा आणि पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारून घ्यावी.

जोडताना ओ-रिंग नव्या घालाव्यात. स्लाइडचा तिरपा कापलेला भाग एअर फिल्टरकडे यावा आणि तिची खाच आतल्या खुंटीवर बसावी. झाकण घट्ट केल्यावर ॲक्सिलरेटर सोडताच स्लाइड टक्क आवाज करून खाली बसली नाही, तर गाडी सुरू न करता ती पुन्हा काढावी. स्क्रू मोजलेल्या फेऱ्यांवर आणावा. कॉक उघडून पाच मिनिटे गळती पाहावी.

इंजिन चांगले तापल्यावर मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवून आवाज सर्वांत चढा आणि एकसारखा होईल तिथे थांबावे, मग आयडलिंगच्या (ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाचा वेग ठरवणाऱ्या) स्क्रूने इंजिनाचा वेग मिनिटाला सुमारे १४०० फेऱ्यांवर उतरवावा. मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर आत फिरवल्याने पेट्रोलाचे प्रमाण वाढते; इंजिनाच्या बाजूला असेल, तर बाहेर फिरवल्याने. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. वेग चढला, तर केबल ताणली जात आहे.